बसण्याची सवलत

माझ्या आजाराचं नाव इतकं लांबलचक आहे, की ते पूर्ण सांगून होईपर्यंत ऐकणाऱ्याची सहानुभूती आटते. सोप्या भाषेत सांगायचं तर पाठीचे मणके हळूहळू एकमेकांना चिकटत जातात. आमच्या घराण्यात दोन भाऊ एका खोलीत दहा मिनिटं गुण्यागोविंदाने बसत नाहीत, पण माझ्या मणक्यांचा एकोपा बघण्यासारखा आहे.

बाहेरून यातलं काही दिसत नाही. दिसायचं तर पहाटे पाच वाजता माझ्या पलंगाशेजारी उभं राहावं लागेल. त्या वेळी मी फळीसारखा ताठ असतो. कुशीवर वळायला चार मिनिटं लागतात. मग पाय कडेवरून खाली सोडायचे, कोपरावर भार द्यायचा आणि तोंडातून आवाज काढायचा नाही. कारण शेजारी बायको झोपल्याचं नाटक करत असते आणि ते मोडायचं नाही असं आमच्यात न बोलता ठरलेलं आहे. उभा राहिलो की पाठीवर गरम पाणी. मग स्वयंपाकघरापासून दारापर्यंत आणि दारापासून स्वयंपाकघरापर्यंत साठ फेऱ्या. मोजे बायको चढवते. आठ वाजता मी रस्त्यावर असतो, आणि दहापर्यंत असा काही सैल होतो की ओळखीचे लोक म्हणतात, तुमचं बरं आहे, काही दुखणंखुपणं नाही.

या आजाराची एक खोड आहे. तो आरामाने वाढतो आणि चालण्याने कमी होतो. हे वाक्य मी आजवर ज्याला ज्याला सांगितलं त्याने गंभीरपणे मान डोलावली आणि म्हटलं, "तरी पण जरा आराम करा."

सुदैवाने माझी नोकरी चालायची होती. तत्त्वज्ञानात पदवी घेतलेल्या माणसाला पाणीपुरवठा खात्याखेरीज कोण विचारतो? मी मीटर वाचायचो. सहाशे चाळीस घरं, पायी. आमच्या खात्यात या कामाला कोणी नोकरी समजत नाही; ज्याच्यावर साहेबांची मर्जी फिरली त्याला बाहेर पाठवतात आणि ज्याच्यावर ती बसली त्याला खुर्ची देतात. मी एकोणीस वर्षं कोणाकडे खुर्ची मागितली नाही. त्यामुळे माझ्याबद्दल कोणी महत्त्वाकांक्षेचा आरोप करू शकत नव्हतं.

अडचण एकच होती. मीटर असतात जमिनीपासून वीतभर उंचीवर, भिंतीतल्या कोनाड्यात. ते वाचायला उकिडवं बसून मान तिरकी करावी लागते. मला ते जमणं बंद झालं तेव्हा मी एका लांब दांडीला छोटा गोल आरसा बसवून घेतला. भिंतीला पाठ टेकून उभं राहायचं, मीटर दोन टाचांच्या मधोमध, आरसा त्याच्यासमोर तिरपा धरायचा आणि वरून आकडे वाचायचे. आरशात आकडे उलटे दिसतात. ते मनात सुलटे करून वहीत लिहायचे. अकरा वर्षांत ते इतकं अंगवळणी पडलं होतं की सरळ लिहिलेली पाटी वाचतानाच मला थोडं अडखळायला व्हायचं.

अकरा वर्षांत एक चूक झाली. एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या घरचा आकडा होता एक, शून्य, आठ, एक. मीटरवरचे हे इंग्रजी आकडे असे की आरशात बघा नाहीतर डोळ्यांनी, प्रत्येक जण जसाच्या तसा दिसतो. फक्त क्रम उलटतो. त्या दिवशी आरशात दिसलं एक, आठ, शून्य, एक. एकही आकडा उलटा दिसेना, तेव्हा डोकं म्हणालं, हे सरळच आहे. मी तसंच लिहिलं. नवरा-बायको अशा दोन माणसांच्या घराने दोन महिन्यांत पोहण्याचा तलाव भरेल एवढं पाणी वापरलं, असं खात्याचं म्हणणं पडलं.

मुख्याध्यापक स्वतः कार्यालयात आले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका लाल शाईने गोल करण्यात घालवलेला माणूस, त्याला निवृत्तीनंतर पहिल्यांदाच ताजी चूक सापडली होती. त्यांनी सात पानांची तक्रार लिहून आणली होती, समासासह. त्यात माझी पाण्याची चूक दीड पानात संपत होती. उरलेल्या साडेपाच पानांत, आपला कर्मचारी आमच्या भिंतीला टेकून उभा राहतो व पायांमधल्या आरशात बराच वेळ निरखून बघतो, याबद्दल चिंता व्यक्त केली होती.

साहेबांनी मला बोलावलं. आरसा टेबलावर ठेवायला लावला. मग मला ते लांबलचक नाव सांगावं लागलं.

बायको कितीतरी वर्षं म्हणत होती, ऑफिसात एकदाचं सांगून टाका, लोक समजून घेतात. मी म्हणायचो, त्याचीच भीती आहे.

साहेबांचा चेहरा मऊ होत गेला. लोणी उन्हात ठेवल्यावर होतं तसा, आधी कडेने. त्यांनी कल्याण अधिकारी बाईंना बोलावलं. या बाईंना खात्यात सगळे कल्याणी म्हणतात, तोंडावर मॅडम. त्यांचं काम कर्मचाऱ्यांचं कल्याण करणं; पण कल्याण करून घ्यायला पुढे येणारा कर्मचारी त्यांना तीन वर्षांत मिळाला नव्हता आणि वरून अहवाल मागत होते. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता गाल धरून पापा घेतात.

"एवढी वर्षं तुम्ही उभ्या उभ्या सहन केलंत," साहेब म्हणाले. "आता बसा."

मी सांगितलं की साहेब, बसण्यानेच तर ते वाढतं. दोघांनी गंभीरपणे मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी मला खुर्ची मिळाली. साधीसुधी नव्हे, उंच पाठीची, हातांची, पायाखाली चाकं असलेली. तक्रार खिडकीमागे ती ठेवली गेली. त्या जागी तोवर एक सहकारी बसायचा, ज्याला सगळे गादी म्हणत, कारण तो घरून स्वतःची गादी आणायचा. गादीची तब्येत ठणठणीत. ही जागा मिळवायला त्याने सहा वर्षं साहेबांच्या मुलीचे प्रवेशअर्ज भरले होते, साहेबांच्या सासऱ्यांना दवाखान्यात नेलं होतं. त्याला उठवून माझी सहाशे चाळीस घरं देण्यात आली. गादी बगलेत धरून तो माझ्यासमोरून गेला तेव्हा त्याच्या डोळ्यांत जे होतं, तो मी आजारपणात कोणाच्याही डोळ्यांत पाहिलेला पहिला प्रामाणिक भाव होता.

पुढे कळलं की तो कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीपलीकडे जातच नाही. तिथे बसून मागचा आकडा बघतो, त्यात वीस-बावीस मिळवतो आणि वही बंद करतो. चार महिने एकाही घरातून तक्रार आली नाही. मुख्याध्यापकांचं तर समाधानाचं पत्र आलं, एका पानाचं.

इकडे मी बसलो होतो. अर्ध्या तासाने कंबर आवळायला लागायची, तासाने फासळ्या. मी उठायचो. उठलो की शिपाई धावत यायचा. त्याला हुकूम होता की मला जे लागेल ते जागेवर द्यायचं. पाणी जागेवर, कागद जागेवर, सही करायला साहेबसुद्धा दोनदा माझ्या जागेवर आले. फेरी मारायला म्हणून मी स्वच्छतागृहात जायला लागलो. दिवसातून अकरा वेळा. आठवड्याभरात कार्यालयात मला दुसराही एक आजार असल्याचं पसरलं आणि कोणीतरी माझ्या टेबलावर एका मूत्रविकार तज्ज्ञाचं कार्ड ठेवून गेलं.

मी अर्ज केला. मला पूर्वीचं फिरतीचं काम द्यावं, ही विनंती. साहेबांनी तो वाचून माझ्या पाठीवर हात ठेवला, नेमका जिथे ठेवू नये तिथे, आणि माझ्या जिद्दीचं कौतुक केलं. कल्याणींनी अर्जाची प्रत सूचनाफलकावर लावली. वर लिहिलं, यांच्यापासून शिका. अर्ज नामंजूर झाल्याचं त्याच फलकावर, खाली डाव्या कोपऱ्यात होतं.

मग मी सांध्यांच्या डॉक्टरबाईंकडून पत्र आणलं. त्यात ठळक लिहिलं होतं की रुग्णाने दिवसभर जास्तीत जास्त चालत राहणं हाच मुख्य उपचार आहे. साहेब म्हणाले, मग चाला की, संध्याकाळी बागेत. मी म्हटलं, साहेब, आठ तास बसून मग अर्धा तास चालणं म्हणजे दिवसभर विष घेऊन रात्री काढा पिण्यासारखं आहे. साहेबांना उपमा आवडली नाही. त्यांचा सूर बदलला. ते म्हणाले, हे बघा, आजारी असाल तर खुर्ची आहे. आजारी नसाल तर अकरा वर्षं तो आरसा कशाला वापरत होतात, याची चौकशी लावावी लागेल. दोन्हीपैकी काय ते तुम्हीच ठरवा.

चौथ्या महिन्यात डॉक्टरबाईंनी माझी मान मोजली. त्या अंशांत मोजतात. खुर्ची मिळाली तेव्हा मान साठ अंश वळायची, आता चाळीस. डॉक्टरबाई अघळपघळ बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, "गेलेले वीस परत मिळणार नाहीत. उरलेल्याचं काय करायचं ते बघा."

घरी येताना मी हिशोब केला नाही, करायची गरजच नव्हती. निवृत्तीला नऊ वर्षं होती. त्या खुर्चीत नऊ वर्षं बसलो असतो तर निरोप समारंभात मला उचलून न्यावं लागलं असतं, खुर्चीच्याच आकारात.

त्याच सुमारास वरच्या कार्यालयातून संचालक यायचे ठरले. विषय होता न दिसणारे आजार आणि संवेदनशील प्रशासन. कल्याणींनी त्यासाठी तीन आठवडे राबून तयारी केली. आमच्या खात्यात न दिसणारा आजार असलेला एकच माणूस उपलब्ध होता आणि तो दिसावा म्हणून मला व्यासपीठावर बसवण्यात आलं. माझी खुर्ची वर चढवली. तिच्या पाठीला संवेदना असं लिहिलेली पट्टी चिकटवली. मला दोन शब्द आभाराचे बोलायचे होते, शेवटी.

संचालक बोलायला उभे राहिले. सुरुवातीला त्यांनी सांगितलं की मी फार वेळ घेणार नाही. असं सांगणाऱ्या माणसाला त्याच क्षणी अटक करण्याची तरतूद कायद्यात हवी. पंधरा मिनिटं ते आपल्या आजीच्या गुडघ्यांबद्दल बोलले. मग दहा मिनिटं, दुसऱ्याची वेदना ओळखायला कशी विशेष नजर लागते आणि ती त्यांच्याकडे लहानपणापासून कशी आहे, याबद्दल. मी त्यांच्यापासून तीन हातांवर होतो. माझी कंबर आवळली होती, फासळ्या मागोमाग निघाल्या होत्या. मी जरा हललो. कल्याणींनी पहिल्या रांगेतून बसा बसा असा हात केला. पस्तिसाव्या मिनिटाला संचालक करुणेच्या तिसऱ्या प्रकाराकडे वळले. एकूण पाच होते.

मी उठलो. ठरवून नव्हे. पाठीचा हुकूम सुटला आणि पायांनी तो पाळला. संचालकांच्या मागे मोकळी जागा होती, बारा पावलं. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो आणि परत आलो. बरं वाटलं. पुन्हा गेलो. सभागृहातल्या दोनशे डोक्यांनी संचालकांकडे बघणं सोडून दिलं आणि ती टेनिसच्या सामन्यासारखी इकडून तिकडे वळायला लागली. त्यांच्या मानांचा मला हेवा वाटला. सातव्या फेरीला गादी मागच्या रांगेत खुदकन हसला.

संचालक थांबले. मागे वळून त्यांनी विचारलं, माझं बोलणं आपल्याला कंटाळवाणं वाटतंय का. मी काही बोलणार तेवढ्यात साहेब व्यासपीठावर चढले आणि त्यांनी मला दंडाला धरून खुर्चीत बसवलं. आभार दुसऱ्याने मानले.

तिसऱ्या दिवशी नोटीस आली. वरिष्ठांच्या भाषणादरम्यान व्यासपीठावर फेऱ्या मारून त्यांचा उपमर्द केल्याबद्दल आपणावर कारवाई का करू नये, याचा लेखी खुलासा सात दिवसांत करावा. सोबत कल्याणींची हाताने लिहिलेली चिठ्ठी होती. काळजी करू नका, आजारामुळे उठावं लागलं एवढं लिहा आणि डॉक्टरांचा कागद जोडा. मी साहेबांशी बोलले आहे. सगळं पूर्ववत होईल.

पूर्ववत हा शब्द मी दोनदा वाचला.

बायकोने त्या संध्याकाळीच खुलासा लिहायला घेतला. तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे आणि ती एका वकिलाकडे टंकलेखक आहे, त्यामुळे विनम्रतेचे सगळे नमुने तिला पाठ. आदरणीय महोदय, सविनय सादर. तिने आजाराचं नाव एका दमात, अचूक लिहिलं. मी स्वयंपाकघरापासून दारापर्यंत फेऱ्या मारत होतो. तिने मजकूर वाचून दाखवला. सुरेख होता. वाचून कोणाचंही मन द्रवलं असतं, हीच त्यात खोट होती.

"हे दिलं तर माफ करतील," मी म्हणालो.

"मग? माफ व्हायलाच तर लिहितेय."

"माफ केलं की खुर्चीत बसवतील."

तिने पेन खाली ठेवलं. एवढी वर्षं रोज सकाळी जिने माझ्या पायांत मोजे चढवले तिला मी यापुढचं समजावून सांगणं म्हणजे तिचा अपमान होता, म्हणून मी पुढची फेरी घेतली.

"अहो, पण नोकरीच्या पुस्तकात येईल ते," ती म्हणाली. "उद्धट म्हणून. कायमचं."

"येऊ दे."

"माझ्या भावाला काय सांगायचं? तो सगळ्यांना सांगत सुटलाय, दाजींना ऑफिसने खास खुर्ची दिली म्हणून."

"त्याला सांग, दाजी बसले नाहीत."

तिने तो कागद नीट चौकोनी दुमडला, खाली ठेवला आणि कोरा घेतला. "सांगा," ती म्हणाली. "आणि सविनय घालायचं नाही, शोभणार नाही."

खुलासा तीन ओळींचा झाला. मला भाषण कंटाळवाणं वाटलं म्हणून मी उठलो. माझ्या आजाराचा याच्याशी काहीही संबंध नाही. झालेल्या प्रकाराबद्दल मला खेद वाटत नाही. यातली पहिली ओळ अर्धी खरी होती, दुसरी खोटी आणि तिसरी बायकोने आपल्या मनाने घातली.

आदेश यायला पाच दिवस लागले. साहेबांनी तो मला हातात न देता वाचून दाखवला, म्हणजे त्यांना वाचताना माझ्याकडे बघता यावं. संबंधित कर्मचारी सहानुभूतीस पात्र नसल्याचं दिसून आल्यामुळे त्यांना दिलेली बसण्याची सवलत तत्काळ काढून घेण्यात येत आहे. नोकरीच्या पुस्तकात ताशेरा. आणि पूर्वीचा विभाग न देता टेकडीवरचा विभाग. नऊशे दहा घरं, चढाचे रस्ते, जिथे वाहन जात नाही.

नऊशे दहा. मला तिथल्या तिथे त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण तेवढं वाकणं मला शक्य नव्हतं, आणि साहेब माझ्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होते. ते वाट बघत होते. मी खचलेला दिसलो नाही तर हा माणूस आदेश फाडून मला आणखी वाईट काहीतरी देईल, कदाचित दोन खुर्च्या, असा धोका मला स्पष्ट दिसला. मी खांदे पाडले. आवाज जरा घशात अडकवला.

"साहेब, माझ्या पाठीचा तरी विचार करा," मी म्हणालो.

"तो तुम्ही आधी करायला हवा होता," साहेब म्हणाले, आणि चार महिन्यांत पहिल्यांदाच मला त्यांच्या चेहऱ्यावर खरंखुरं समाधान दिसलं.

बाहेर कल्याणी उभ्या होत्या. डोळे लाल. मी तुमच्यासाठी एवढं केलं, एवढंच त्या म्हणाल्या. त्यांनी खरोखरच केलं होतं. त्यांचा अहवाल आता अपूर्ण राहणार होता आणि नवा आजारी माणूस शोधावा लागणार होता. मला कळलंय की त्यांनी गादीकडे विचारणा केली आहे आणि त्याला हल्ली कंबरेत चमक येते.

दांडीला नवा आरसा बसवून घेतला, आणि टेकडीवर मला आता सात महिने झाले. चढताना पहिला आठवडा जीव गेला. नंतर पाठ सुटत गेली, फासळ्या सुटल्या, रात्रीची झोप तीन तासांची पाच तासांची झाली. मान चाळिसावरच आहे. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या तसंच झालं, मानेने कोणाचं ऐकलं नाही. मागून कोणी हाक मारली की मला नुसतं डोकं वळवता येत नाही, मी पायांसकट पूर्ण वळतो आणि समोरच्याकडे सरळ तोंड करून उभा राहतो. टेकडीवरच्या लोकांना हे फार आवडलंय. मीटरवाला कसा अदबीने वागतो, असं ते एकमेकांना सांगतात, आणि खात्याला तसं कळवायचाही त्यांचा विचार चालू होता. मी हात जोडून त्यांना नको म्हटलं.